भगूर, सिन्नर आणि एक खडा

मुलांनो, सुट्टीतला एक दिवस राखून ठेवा! नाशिकहून जीप ठरवा, माहितगार माणूस सोबत घ्या. आधी भगूर. १८८३ साली स्वातंत्र्यवीर सावरकर इथंच जन्मले. तो वाडा पाहून पांढुर्लीमार्गे सिन्नर गाठा. ही यादवांची जुनी राजधानी. इथलं गोंदेश्वराचं देऊळ सुमारे नऊशे वर्षांचं! मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. म्हणून हे ‘पंचायतन’. जोत्यावर दगडी हत्तींची रांगच रांग.

आमच्या सहलीत एकानं भिंतीवर नाव कोरायला टोकदार खडा उचलला. मी विचारलं, “हे हत्ती कोरणाऱ्याचं नाव सांग बरं?” तो गप्प झाला, खडा खाली टाकला. तुम्हीही डोळे भरून पाहा, हात मात्र आवरा, बरं का!