नांदेड ते लातूर : मनगटावर मोजलेला चढ

पुतण्याने वापरून दिलेले डिजिटल घड्याळ बांधून मी पहाटेच्या एस.टी.ने नांदेडहून लातूरला निघालो. या घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे. आपण वर चढलो की दाब कमी होतो, साधारण आठ मीटरला एक मिलिबार. त्यावरून ते उंची सांगते. मात्र पावसाळी हवेतही दाब उतरतो आणि घड्याळ फसते. म्हणून निघण्यापूर्वी रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहून ते लावून घेतले.

गाडीत अंधार. बटण दाबले की आकडे उजळतात. शेजारच्या आजींनी विचारले, "दादा, किती वाजले?" मी वेळ सांगितली, हौसेने उंचीही सांगितली. "उंची कशाला लागती बाबा?" त्या म्हणाल्या.

लोहा, अहमदपूर, चाकूर. आकडा वाढतच गेला. गोदाकाठच्या नांदेडपेक्षा बालाघाटाच्या पठारावरचे लातूर सुमारे अडीचशे मीटर उंच आहे. याच लातूरला 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा डबे, पाच लाख लिटर.

त्या उन्हाळ्यात ताईच्या वस्तीत टँकर खाली रस्त्यावरच थांबायचा. तिथून तिच्या दारापर्यंत मी चालत गेलो. घड्याळाने नऊ मीटर चढ दाखवला.

"ताई, दिवसाला किती खेपा व्हायच्या गं?"

"हंडा डोक्यावर असताना मोजतंय कोण?" ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.