बूच

आमच्या घरी बूच म्हणजे औषधाच्या बाटलीचं. दवाखान्यात जाताना बाटली धुऊन, बुचासकट घरूनच न्यायची. कंपाउंडर तिच्यात गुलाबी मिक्स्चर ओतायचा, खाचा पाडलेली कागदाची पट्टी डिंकाने बाजूला चिकटवायचा आणि अंगठ्याने बूच दाबून बसवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. दुखणं सरलं की बाटली खोबरेल तेलाला लागायची, अगदी शेवटी रॉकेलला. बूच तेच. आमची बडबड असह्य झाली की आजी म्हणायची, “तोंडाला बूच लावा रे आता!” शाळेच्या वाटेवर बुचाची झाडं होती. सकाळी खाली पांढरा सडा पडलेला असायचा आणि लांब देठांमुळे दोऱ्याशिवाय वेणी गुंफता यायची. त्या झाडाच्या सालीची साधी बुचं करत, म्हणून हे नाव, ते फार उशिरा कळलं. मग आट्यांची प्लॅस्टिकची झाकणं आली आणि घरातलं बूच कधी गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ते पुन्हा भेटलं ल्योंमध्ये. मुलगी तिथे शिकते. विमानतळावरून येतानाच टॅक्सीच्या रेडिओवर ‘बूशों, बूशों’ चाललं होतं. “ट्रॅफिक जॅम,” ती म्हणाली. “बूशों म्हणजे खरं तर बूच. आणि इथल्या जुन्या खाणावळींनाही बूशोंच म्हणतात.” खाणावळीचा हा शब्द बुचावरून आलेला नाही असं जाणकार सांगतात. मराठी ‘बूच’ पोर्तुगीज ‘बुशा’वरून आला म्हणतात, आणि जगातलं निम्मं बूच आजही पोर्तुगालच पिकवतं. म्हणजे शब्द आणि वस्तू दोन्ही एकाच गलबतातून उतरली असावीत, असा माझा आपला तर्क.

संध्याकाळी ती मला क्रुआ-रूसच्या टेकडीवर, तिच्या गल्लीतल्या वाइनच्या दुकानात घेऊन गेली. ही जुनी रेशीम विणकरांची वस्ती. उंच जाकार माग मावावेत म्हणून घरांची छतं चार-चार मीटरवर. माग गेले, आता त्या उंचीत बाटल्यांच्या फळ्या चढल्यात आणि मालक शिडी लावून वर जातो. फळीवरची कुठलीही बाटली घ्यायची, तिथेच बसून प्यायची असेल तर वर आठ युरो द्यायचे. त्याला म्हणायचं ‘बुचाचा हक्क’. आपल्याकडे वाइन शॉपच्या जाळीतून हात घालून, कागदात गुंडाळून, मान खाली घालून निघायची सवय. इथे शेजारच्या टेबलावर एक आजी कुत्र्याला पायाशी बसवून निवांत पेपर वाचत होत्या.

आम्ही बोजोलेतली मोर्गों सांगितली. मालकाने बूच काढलं, नाकाशी नेलं, थोडी वाइन ओतून हुंगली आणि त्याचा चेहरा पडला. “बूशोने.” बुचाने बिघडवलेली. मीही पेला नाकाशी धरला. ओला पुठ्ठा, कोंदट गोणपाट, आषाढात उघडलेली ट्रंक. आमच्या माजघराचाच वास! मला तो इतका आवडला की मी पुन्हा हुंगायला लागलो.

“बाबा, छान आहे म्हणू नकोस हं,” मुलगी हळूच म्हणाली.

बुचाच्या सालीतली बुरशी आणि क्लोरीन यांच्या संगनमतातून हा वास तयार होतो, आणि त्याचा कणभर अंशही सगळी बाटली नासवायला पुरतो. आमच्याकडे चार महिने सगळं घरच बूशोने असतं, हे फ्रेंचमध्ये कसं सांगणार? मालकाने न विचारता दुसरी बाटली उघडली, पैशांची भाषा नाही. सोबत पणतीएवढ्या मातीच्या वाटीत सां-मार्सेलां चीज आणलं, सायीसारखं ओघळणारं. ते पावाने पुसून खाताना तो बूच देणाऱ्या ओकच्या झाडाचं सांगत होता: साल पहिल्यांदा काढायची पंचविसाव्या वर्षी, मग दर नऊ वर्षांनी, आणि बाटलीला चालणारं बूच मिळतं तिसऱ्या खेपेला. म्हणजे झाडाची त्रेचाळिशी उलटल्यावर. लावणाऱ्याने कुणासाठी लावायचं, हे मी मनातल्या मनात मोजत बसलो.

निघताना नासक्या बाटलीचं बूच मी मागून घेतलं. मालक हसला, पण दिलं. पुण्याला आल्यावर तिळाच्या तेलाच्या बाटलीला लावून बघितलं. बसेना. बाहेर काढलेलं बूच फुगतं. कंपाउंडर ते कसं दाबत असे कोण जाणे. शेवटी विळीवर धरून कडेने तासलं तेव्हा कुठे अर्धं आत गेलं, आणि तासलेल्या चुऱ्याला अजून तो वास येत होता.