कासार आंबोलीची साखरेची लेणी

चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला. आता तिथे नव्या रस्त्यांचं असं जाळं झालं आहे, की पौडची बस नेमक्या कोणत्या फाट्याने निघते हे माझ्या अजून ध्यानात राहत नाही. पण एकदा भूगाव मागे पडलं, पिरंगुटचा घाट उतरला, की ओळखीची हवा लागते. पिरंगुटचे कारखाने संपता संपता कासार आंबोली येतं. मुलींच्या सैनिकी शाळेमुळे हे नाव आता पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्या घरात मात्र ते वेगळ्याच कारणाने घेतलं जातं. नव्या सुनेची पहिली संक्रांत आली, की कोणीतरी विचारतंच, “कासार आंबोलीला निरोप दिला का?”

तिथे आमच्या चुलतसासूबाई राहतात. सगळे त्यांना माई म्हणतात. माहेर पुण्याच्या कसबा पेठेतलं. हलवा करायची विद्या त्या तिथूनच घेऊन आल्या. गावाच्या नावात कासार असला, तरी माईंच्या ओसरीवर बांगड्या भरायच्या त्या साखरेच्या!

मैत्रिणींनो, तयार दागिने तुळशीबागेत आणि रविवार पेठेत हवे तेवढे मिळतात. खोटं कशाला बोलू, दिसायलाही ते सुबक असतात. पण पुष्कळ ठिकाणी दाणे पुठ्ठ्यावर डिंकाने नाहीतर कसल्याशा गोंदाने चिकटवलेले असतात, म्हणजे तोंडात टाकायची सोय नाही. माई दाणे दोऱ्याने बांधतात. हलव्याला सुई टोचली की तो फुटतो, म्हणून दोन पदरी दोऱ्याचा फास करून त्यात दाणा अडकवायचा, गाठ आवळायची, की लगेच पुढचा. असा एकेक दाणा बांधत गेलं की हार होतो, बाजूबंद होतो, कंबरपट्टा होतो. जावयाच्या हाराला दाणे जरा टपोरे निवडायचे. नथीला मात्र खसखशीवरचा बारीक हलवाच हवा, नाहीतर नाक भाजी बाजाराला निघाल्यासारखं दिसतं.

गेल्या पौषात आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या सुनेची पहिली संक्रांत होती. शाळेला चार दिवस सुटी होती, म्हणून मी आधीच जाऊन राहिले. भाताची कापणी केव्हाच उरकली होती. आंबेमोहोर, इंद्रायणीचा हा मुलूख. खाचरं मोकळी, दारोदारी पेंढ्याच्या गंजी, आणि पहाटे अशी थंडी की घागरीत हात घालवेना. माईंना हीच थंडी हवी असते. “दमट हवेत काटा धरत नाही,” त्या म्हणतात. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको.

तीळ आधी कोरडे भाजून गार करायचे. साखर भिजेल त्याहून थोडं जास्त पाणी घालून पाक करायचा, उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, म्हणजे मळी वर येते. ती काढून पाक गाळून घ्यायचा. एकतारीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. मग शेगडीत अगदी मंद निखारे, वर पितळी परात, परातीत तीळ. अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. सुकले की पुन्हा अर्धा चमचा. पाक जास्त झाला तर आधी आलेले काटे विरघळतात, आच जास्त झाली तर साखरेचं पीठ पडतं, आणि हात जोरात फिरला तर काटे मोडतात. रोज दोन-अडीच तास, असे तीन-चार दिवस. तिसऱ्या दिवशी तिळाला बारीक पांढरी टोकं दिसायला लागली तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. माईंनी नुसती मान हलवली. त्यांच्या बोटांची टोकं लाल झाली होती, शेजारी ओलं फडकं होतं.

माईंच्या यजमानांना जाऊन एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून घराण्यातल्या प्रत्येक सुनेचे, प्रत्येक बोरन्हाणाचे दागिने त्यांनीच केले. आणि तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात असतात. कोणी त्यांना बस म्हटलेलं नाही, कोणी ऊठही म्हटलेलं नाही. दागिने डब्यात घालून बाहेर द्यायचे, सवाष्णी ते सुनेच्या अंगावर घालणार, असा आपोआप पडलेला रिवाज.

मला याचा राग येतो तो यासाठी, की दाणा न् दाणा त्यांच्या बोटांतून गेलेला असतो, तेव्हा तो कोणाला अडत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं असं कळवलं. आम्ही ते वर्तमानपत्रात वाचलं, चहा घेता घेता छान म्हणालो, आणि पुढच्या संक्रांतीला माई स्वयंपाकघरातच होत्या.

या वेळी नव्या सुनेनेच विषय काढला. काळी साडी नेसून ती पाटावर बसली, डबा उघडला गेला, आणि ती म्हणाली, “माईआजी, कंबरपट्टा तुम्ही बांधा. गाठ तुमचीच पक्की बसते.” जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आलेल्या बायकांपैकी एकीने पदर सारखा केला. मी उठून दुसरा पाट मांडला, एवढंच माझं काम.

माई बाहेर आल्या, पण पाटावर बसल्या नाहीत. सुनेच्या पाठीमागे गुडघ्यावर बसून त्यांनी कंबरपट्टा बांधला, मग बाजूबंद, मग बिंदी नीट केली. गळ्यातलं मात्र त्यांनी घातलं नाही. “ते तुझ्या सासूला घालू दे,” म्हणाल्या. कुंकवाची कोयरी पुढे केली तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. “आज नको गं. हलवा दे.”

सुनेने मूठभर हलवा त्यांच्या ओंजळीत घातला आणि वाकून नमस्कार केला. माईंनी त्यातला एक दाणा उचलून उजेडात धरला, काटे बघितले आणि मला म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशीचा पाक जरा घट्ट झाला होता.”