खणणं, खोदणं, पोखरणं

पालघर-बोईसरकडे आता ‘विहीर खणली’ असं फारसं ऐकू येत नाही. ‘बोअर मारली’ असंच म्हणतात. हे मारणं कानाला खटकतं, कारण जमिनीशी वागण्याच्या प्रत्येक तऱ्हेला मराठीत वेगळं क्रियापद आहे. कोंबडी उकरते, उंदीर पोखरतो, माणूस खणतो. उकरणं वरवरचं, म्हणून मिटलेलं भांडण उकरून काढतात. पोखरलं की बाहेरचं कवच शाबूत राहतं आणि गाभा जातो. खणणाऱ्याला मात्र खालून काहीतरी हवं असतं: केळवे-माहीमच्या पानवेलींना पाणी, वारली बाईला रानातला कंद. संस्कृत ‘खन्’ धातूचं गोतही असंच ऐवजाचं: खाण, खनिज, उत्खनन. त्याचा इराणी भाऊबंद ‘कन्’ अरबीत शिरून ‘खंदक’ झाला आणि फारसीच्या वाटेने आपल्या किल्ल्यांभोवती येऊन बसला.

हे भेद कोशापुरते, लोक विहीर खोदतातही, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण शिलालेख खोदतात, तो कुणी खणत नाही. खोदण्यात घावाची खूण मागे ठेवायची असते. जुन्या इंग्रजीतल्या ‘ग्राफन’मध्ये खणणं आणि कोरणं दोन्ही होतं, थडग्याचा ‘ग्रेव्ह’ आणि कोरण्याचा ‘एन्ग्रेव्ह’ त्याच घरातले. पालघर जिल्ह्यातल्याच सोपाऱ्यात दोन्ही क्रिया एकत्र भेटतात. १८८२ साली तिथे अशोकाच्या आठव्या आज्ञेचा खोदलेला तुकडा मिळाला आणि त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात बुद्धांच्या आठ मूर्ती आणि मधोमध तांब्याचा करंडा. त्याच्या पोटात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात होते मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. खणणाऱ्याने घाई केली असती, तर ही उतरंड कुणाला कळलीच नसती.

यंत्रामुळे माणसाची कंबर वाचते, यात शंका नाही. कुदळ-फावडं परत यावं असं माझं म्हणणं नाही. पण ‘जेसीबी लावला’ म्हटलं की क्रियाच यंत्राच्या नावाआड जाते. तळं खणलं की टेकडी पोखरली, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. सरकारी कागदावर तर दोन्हीला एकच शब्द, ‘उत्खनन’. आदिवासी भागासाठीच्या ‘पेसा’ कायद्याच्या क्षेत्रातल्या ग्रामसभेपुढे मुरूम-दगडासारख्या गौण खनिजाचा विषय येतो, तेव्हा नेमकं क्रियापद वापरून प्रश्न विचारणारं एक तरी माणूस तिथे असायला हवं.