बोलीची चाल

वाचक माऊली, ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणला, हे आपण अभिमानाने सांगतो. तेव्हा संस्कृतापुढे मराठी धाकटी होती. आज मराठीच्याही अंगणात काही धाकट्या बोली उभ्या आहेत. त्यांतली एक माझ्या घरची, आगरी.

पनवेल, पेण, उरण या पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि खाडी यांवर जगलेल्या लोकांची ही बोली. हिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि शब्दामधल्या ‘ड’चा पुष्कळदा ‘र’ होतो. पाण्याला आम्ही ‘पानी’ म्हणतो, गाडीला ‘गारी’.

हल्ली गावातली मुले या बोलीत पदे रचतात आणि चाल लावून घ्यायला माझ्याकडे येतात. फार बरे वाटते. पण म्हणताना तीच मुले शब्द शुद्ध करू लागतात. कागदावर ‘वारी’ला ‘गारी’चे यमक असते, तोंडातून ‘गाडी’ येते आणि यमक तुटते. बोलीला कुणीतरी हसलेले असते, त्याचा धाक गळ्यात बसलेला असतो.

म्हणून चाल लावणाऱ्याने पद आधी नुसते म्हणवून घ्यावे, आजीशी बोलावे तसे. श्वास कुठे थांबतो, शब्द कुठे लांबतो, ते ऐकावे. मग टाळ उचलावा. यासाठी आपला अभंग फार सोयीचा. गणवृत्तात लघुगुरू सांभाळावे लागतात; अभंगात अक्षरे मोजायची. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. गाताना ऱ्हस्व अक्षरही लांबवता येते. त्यामुळे कोणतीही बोली त्यात अंग न चोरता बसते. जात्यावरची ओवी तर याहून मोकळी.

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्या खानदेशी बोलीतच. पुढे ‘मानिनी’ चित्रपटातून ती सुरांत ऐकू आली आणि कोकणातही गुणगुणली गेली. कुणाला कोश उघडावा लागला नाही.

आज आगरी म्हटले की लोकांना हळदीचे नाचगाणे आठवते. ते असावेच, लग्नघर आहे. पण त्याच लग्नात धवलारीण धवले गात आली, तेही याच बोलीत. बोली केवळ हसण्यानाचण्यापुरती उरली, तर दुःखाच्या आणि देवाच्या वेळी माणूस दुसरी भाषा शोधतो. मग ती घरातूनही जाते. इकडची कितीतरी शेते, मिठागरे शहराखाली गेली. त्यांचे शब्द आता पदांतच राहू शकतील.

तेव्हा एवढीच विनंती. तुमच्या गावी एखादे पोर बोलीतले पद घेऊन आले, तर हरिपाठ झाल्यावर त्याला पुढे उभे करा. शब्द सुधारू नका. टाळकऱ्यांनी ध्रुपद त्याच्याच उच्चारात उचलावे.

रामकृष्णहरी.