हक्कसोड

मागच्या शनिवारी जेऊरला गेलो होतो. आजीला भेटायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर बॅगेत हक्कसोडपत्राचा मसुदा होता आणि आत्या त्यावर सही करेल ना, एवढं बघून यायचं होतं. "ती कशाला नाही म्हणेल? बहिणी सोडतातच," इति बाबा.

गाडीत भिगवण येईपर्यंत वाचत बसलो (सवय! कोड असो की कायदा, आधी डॉक्युमेंटेशन). आजोबा गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. जमीन त्यांनी स्वतः विकत घेतलेली. म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आजी, बाबा आणि आत्या, प्रत्येकी एक तृतीयांश. त्यांच्या एफडीला नॉमिनी मी. ऑफिसात ऐटीत सांगून बसलो होतो की ते पैसे माझे! तेही नाही. नॉमिनीने पैसे फक्त ताब्यात घ्यायचे, मालकी वारसांची. कालनिर्णयच्या जयंत साळगावकरांच्या पश्चात त्यांच्या म्युच्युअल फंडांवरून वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने हेच सांगितलं. (वारसा कर मात्र आपल्याकडे नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ लाच गेली.)

घरी पोचलो तर आत्या आजीच्या पायाला तेल लावत बसलेली. ती करमाळ्याहून दर शनिवारी येते, आठवड्याच्या गोळ्या मोजून ठेवते. सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तीच नेते. खर्च किती होतो विचारलं तर म्हणे, "लिहून कोन ठेवतंय?" आम्ही दिवाळीला जातो आणि फोटो काढतो.

कागद बाहेर काढायचा धीर होईना. शेवटी आत्याच म्हणाली, "दादानं दिलाय ना कागद? आण, करते सही."

"आत्या, तुझा तिसरा हिस्सा आहे. एकदा रजिस्टर झालं की फिरवणं अवघड."

"म्हाईत हाय रे. पण मागितला तर माहेर तुटतंय."

आजी झोपलीय असं आम्हाला वाटत होतं. डोळे मिटूनच तिने विचारलं, "माझा बी वाटा हाय ना त्यात? तो मी कुनाला बी देऊ शकते?"

म्हटलं, हो. मृत्युपत्र कर, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. बक्षीसपत्र नको, जमीन आत्ताच हातातून जाईल. (करायचंच झालं तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्यावी. मग सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं.)

"आधी हिला च्या ठेवायला जाऊ दे," आजी म्हणाली, "मग सांगते काय लिहायचं ते."

रविवारी रात्री बाबांना सगळं सांगितलं. सही घेतली नाही, हेही सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईच्या डोळ्याचं काय म्हणतात डॉक्टर?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, आत्याला विचारा.