हृदयाचा खसरा

महसूल खात्यात हयात घालविलेल्या माणसाला रेघांचे वावडे नसते. पटवाऱ्याचा नकाशा, खसरा क्रमांक आणि बांधाची वाकडी रेघ यांवरून शेतकऱ्यांचे तंटे मी वाचीत आलो. परंतु आमची सूनबाई परिचारिकेच्या नोकरीत जी रेघ वाचावयास शिकली, ती मला निवृत्तीनंतरच थोडीफार उमगली.

ती रेघ ई.सी.जी.ची. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. म्हणून लहान चौकट 0.04 सेकंदाची व मोठी 0.2 सेकंदाची. ताल नियमित असेल तर दोन उंच शिखरांमधील मोठ्या चौकटी मोजाव्यात आणि 300 ला त्या संख्येने भागावे. मिनिटाचे ठोके मिळतात. आधी गती, मग ताल, नंतर पी, क्यू.आर.एस. आणि टी या लहरी, हा क्रम तिने कधी मोडला नाही. लहरींची ही नावे डच शास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांची. त्यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तरी हे वाचन दीर्घकाळ डॉक्टरांचेच मानले जाई. 1960 च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी ते परिचारिकांना शिकविले. कारण रुग्णाच्या खाटेशी अष्टौप्रहर त्याच असतात.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात याचे मोल अधिक. 1956 च्या पुनर्रचनेत आपण मध्यप्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हाही झाला. पण दुखणे मोठे असले की पुष्कळांची वाट अजून नागपूरचीच.

माझ्या थोरल्या बंधूंच्या छातीत एका पोळ्याच्या सुमारास कळ आली. पहिली पट्टी निर्दोष निघाली. यंत्रानेही ‘नॉर्मल’ छापले. पित्तच असेल, असे म्हणत बंधू चपला शोधू लागले. सूनबाई म्हणाली, ‘मोठे बाबा, पट्टी त्या क्षणापुरतीच साक्ष देते. वीस मिनिटं थांबा.’ दुसऱ्या पट्टीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि ए.व्ही.एफ. लीडमध्ये एस.टी.चा भाग वर उचललेला होता. तिने तत्काळ डॉक्टरांना बोलाविले, उपचार सुरू झाले आणि मगच गाडी नागपूरकडे निघाली. बंधू आज आपल्या संत्र्याच्या बागेत हिंडतात.

एकाच पेशीवर निकाल देऊ नये, हे कचेरीत आम्ही मानीत असू. सूनबाईने तेच हृदयाला लावले. रेघेला भाषा नसते, हे खरे. पण कळ हातात उतरते का, जीव घाबरतो का, हे रुग्णाच्या मराठीत विचारणारे कोणी जवळ असले, म्हणजे दुसरी पट्टी काढण्याचे सुचते.